जुन्या दुकानातली स्वरपुस्तिका

स्पेन देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठी, कॅटलोनिया नावाचा प्रांत आहे. तेथील लोकांची भाषा निराळी, गाणी निराळी, आणि आपल्या निराळेपणाचा त्यांना अभिमानही मोठा. या प्रांतात, बार्सेलोना शहराच्या नैर्ऋत्येस, एल व्हेंद्रेल नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावी २९ डिसेंबर १८७६ रोजी पाब्लो कासाल्स यांचा जन्म झाला. कॅटलान भाषेत त्यांचे नाव पाऊ असे होते. त्या भाषेत पाऊ या शब्दाचा अर्थ शांतता असाही होतो.

पाब्लोचे वडील कार्लेस हे गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि गायकवृंदाला शिकवीत. प्राप्ती बेताची, पण घरात सूर मात्र सदोदित भरलेला असे. आई पिलार हिचा जन्म अटलांटिक महासागरापलीकडच्या प्वेर्तो रिको बेटावर झाला होता. या दांपत्याला अकरा मुले झाली आणि त्यांतली बहुतेक बालपणीच दगावली. जी वाचली त्यांत पाब्लो वडील. चालू-बोलू लागण्याच्या वयातच तो गाऊ लागला. वडिलांनी त्याला पियानो शिकवला, व्हायोलिन शिकवले. ऑर्गन शिकण्याचा त्याचा हट्ट होता. परंतु त्या वाद्याच्या पायपट्ट्यांपर्यंत पाय पोचल्याखेरीज ते शिकवायचे नाही, असे वडिलांनी ठरवून टाकले होते. मुलगा अंगाने लहानखुरा. पाय पोचायला त्याला नवव्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागली. मग मात्र वडील आजारी असले की चर्चमधला ऑर्गन तोच वाजवू लागला.

एकदा गावात फिरस्त्या वादकांची एक टोळी आली. चित्रविचित्र वेष केलेल्या या मंडळींपैकी एकाने झाडूच्या दांड्याला तार ताणून तिच्यावर गज फिरवला. पाब्लोला त्या वाद्याचे वेड लागले. ते वडिलांच्या ध्यानात आले. त्यांनी एक वाळलेला भोपळा घेतला, त्याला दांडी बसवली, दांडीवर एक तार चढवली आणि मुलाच्या हाती दिली. आपल्याकडे तंबोऱ्याला भोपळा लावतात हे तुम्हांस ठाऊक आहे. भोपळ्याच्या पोकळीत तारेचा नाद घुमतो आणि मोठा होतो. तेच तत्त्व येथेही होते. या एकतारी वाद्यावर तो मुलगा ऐकलेली प्रत्येक चाल काढू पाही.

खरा चेलो त्याने पाहिला तो १८८८ साली. बार्सेलोनाहून तिघे वादक व्हेंद्रेलला आले होते. त्यांपैकी होसेप गार्सिया यांच्यापाशी चेलो होता. चेलो हा व्हायोलिनचा मोठा भाऊ. व्हायोलिन हनुवटीखाली धरतात. चेलो इतका मोठा असतो की वादक खुर्चीवर बसून तो गुडघ्यांच्या मध्ये उभा धरतो. त्याला चार तारा असतात, आणि सारंगीप्रमाणे तोही गजाने वाजवतात. त्याचा आवाज पुरुषाच्या भरदार गळ्यासारखा असतो. तो आवाज कानी पडताच अकरा वर्षांच्या पाब्लोने मनाशी निश्चय केला की, आपले वाद्य हेच.

यावरून घरात मोठा वाद झाला. संगीतावर संसार चालत नाही, हे वडिलांनी स्वतः अनुभवले होते. मुलाने सुतारकी शिकावी, चार पैसे मिळवावेत, असे त्यांना वाटे. एका सुताराशी त्यांनी बोलणेही केले होते. आई मात्र ऐकेना. मुलाच्या अंगी जे आहे ते वाया जाऊ द्यायचे नाही, अशी तिची ठाम समजूत होती. वडिलांचे म्हणणे चुकीचे होते असे कोणी म्हणू नये. गरिबीच्या घरात असाच विचार केला जातो. परंतु त्या घरात आईचा शब्द चालला. तिने मुलाला घेऊन बार्सेलोना गाठले आणि तेथील नगरपालिकेच्या संगीतशाळेत त्याचे नाव घातले. गार्सिया हेच त्याचे शिक्षक झाले.

त्या काळी चेलो शिकविण्याची रीत फार ताठर होती. उजव्या हाताचे कोपर अंगाला चिकटून राहावे म्हणून विद्यार्थ्याच्या काखेत पुस्तक देत. पुस्तक खाली पडता कामा नये आणि वादनही चालू राहिले पाहिजे! पाब्लोला हा प्रकार अगदीच अनैसर्गिक वाटला. गज ओढायचा तर सबंध हात मोकळा हवा, असे त्याच्या मनाने घेतले. डाव्या हाताचीही तीच गोष्ट. त्या वेळचे वादक एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना सबंध पंजा पट्टीवरून घसरवीत; त्यामुळे मधले नको ते सूरही ऐकू येत. पाब्लोने बोटे ताणून लांबचे सूर जागच्या जागी गाठण्याचा सराव केला. शिक्षक प्रथम बिचकले. पण मुलाचे वाजवणे ऐकल्यावर त्यांनी त्याला अडवले नाही. आज जगात कोठेही चेलो शिकवतात तो मोकळ्या हातानेच. एका शाळकरी मुलाने शिक्षकांसमोर केलेला तो खटाटोप होता, हे आता फारसे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी पाब्लो बार्सेलोनातील तोस्त नावाच्या कॅफेत रोज रात्री वाजवू लागला. बरोबर एक पियानोवादक आणि एक व्हायोलिनवादक असे. मोबदला दिवसाला चार पेसेता. कॉफी पिण्यास आलेल्या लोकांना हलकीफुलकी गाणी हवी असत. पाब्लोने मालकाचे मन वळवून आठवड्यातली एक रात्र थोर संगीतकारांच्या रचनांसाठी राखून घेतली. हळूहळू त्या रात्रीच कॅफेत गर्दी होऊ लागली. पण मग दर आठवड्याला नवे काय वाजवायचे, हा प्रश्न आला. चेलोसाठी लिहिलेल्या रचना मुळात थोड्या, आणि या मुलाने त्यांतल्या बऱ्याचशा संपवल्या होत्या.

वडील आठवड्यातून एकदा मुलाला भेटण्यास बार्सेलोनाला येत. १८९० सालच्या अशाच एका दिवशी त्यांनी मुलाला पूर्ण मापाचा चेलो विकत घेऊन दिला. ज्या वडिलांना मुलगा सुतार व्हावासा वाटत होता, त्यांनीच तो घेऊन दिला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. नंतर दोघे नव्या रचनांच्या शोधात निघाले. बंदराजवळच्या एका रस्त्यावर जुन्या स्वरपुस्तिका विकणारे दुकान होते. तेथील ढिगाऱ्यात हात घालता घालता पाब्लोच्या हाती कागदांचे एक बाड लागले. कागद जुने, चुरगळलेले, रंग उडालेले. वर छापले होते की, या योहान सेबास्टियन बाख यांच्या एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा रचना आहेत. पाब्लो तेरा वर्षांचा होता. अशा काही रचना जगात आहेत, हे त्याने ऐकलेही नव्हते. त्याच्या शिक्षकांनीही कधी त्यांचा उल्लेख केला नव्हता. तेथे कशासाठी आलो होतो हेही तो विसरला. ते बाड छातीशी धरून तो घरी आला आणि पुन्हा पुन्हा वाचीत बसला.

बाख हे जर्मनीचे थोर संगीतकार. त्यांचा काळ १६८५ ते १७५०. क्योटेन नावाच्या लहानशा संस्थानात ते नोकरीस असताना, सुमारे १७२० च्या आसपास, त्यांनी या रचना केल्या असाव्यात असे जाणकार मानतात. तेथील राजपुत्र संगीताचा भोक्ता होता. आणि त्याच्या पंथात चर्चमधील संगीताला फारसे स्थान नसल्यामुळे बाख यांना वाद्यसंगीत लिहिण्यास सवड मिळाली. यांतील प्रत्येक रचनेला स्वीट म्हणतात. आपण तिला नृत्यमाला म्हणू. आरंभी प्रस्तावनेसारखा एक भाग, आणि मग एकामागून एक जुन्या युरोपीय नृत्यांच्या चाली: एक जर्मन वळणाची, एक धावती फ्रेंच, एक संथ आणि गंभीर साराबांद, शेवटी उड्या मारीत जाणारी जिग. ही नृत्ये कोणी नाचावे म्हणून लिहिलेली नाहीत. नृत्याचा ठेका तेवढा त्यांत शिल्लक आहे.

या रचनांत विशेष ते काय? युरोपात एका वेळी अनेक सूर, अनेक वाद्ये एकमेकांच्या साथीने वाजविण्याची पद्धत आहे. पियानोची किंवा वाद्यवृंदाची साथ नसेल तर चेलोचे वादन अपुरे वाटावे, अशीच सर्वांची समजूत होती. बाख यांनी एकट्या चेलोला एकट्यानेच बोलायला लावले. खालचा एक सूर वाजवून सोडून द्यायचा, वरची चाल पुढे न्यायची, आणि पुन्हा खाली येऊन पहिल्याला जाब द्यायचा, अशी त्यांची युक्ती. ऐकणाऱ्याच्या मनात खालचा सूर चालूच राहतो, आणि वादक एक असता दोघे-तिघे संभाषण करीत आहेत असा भास होतो. पाचव्या मालेसाठी तर वरची तार एक स्वर उतरवून घ्यावी लागते. सहावी पाच तारांच्या वाद्यासाठी लिहिलेली. ती चार तारांवर वाजविणे म्हणजे बोटांची मोठीच परीक्षा.

बाख यांच्या स्वतःच्या हातची या रचनांची प्रत आज उपलब्ध नाही. त्यांच्या दुसऱ्या पत्नी आना माग्दालेना यांनी करून ठेवलेली नक्कल राहिली. त्या नकलेत गज कोठे ओढायचा, कोठे परतवायचा याच्या खुणा स्पष्ट नाहीत, आणि वेग वा जोर यांविषयी बहुतेक काहीच नाही. बाख यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुष्कळसे संगीत लोकांच्या विस्मृतीत गेले. चेलोच्या या सहा माला १८२४ मध्ये प्रथम पॅरिसला छापल्या गेल्या. पण वादकांनी त्यांना बोटांच्या तालमीपलीकडे किंमत दिली नाही. क्वचित एखादा वादक त्यांतला एखादा भाग जलशात वाजवी. सबंध माला आरंभापासून शेवटपर्यंत वाजविण्याची रीत नव्हती. हे रुक्ष, गणिती संगीत आहे, असे समजले जाई.

तेव्हा पाब्लोला जे सापडले ते कोठे दडवून ठेवलेले नव्हते. ते छापलेले होते, विकले जात होते. कोणी त्याकडे तशा दृष्टीने पाहिले नव्हते, एवढेच. त्याने दुसऱ्या दिवसापासून अभ्यास सुरू केला, आणि सुमारे बारा वर्षे तो ही कामगिरी स्वतःपाशीच ठेवून अभ्यास करीत राहिला. त्यानंतरच त्यांतली एक सबंध माला लोकांपुढे वाजविण्याचे धैर्य त्याला झाले. तोवर तो तरुण होऊन नावारूपास आला होता. आजच्या उतावळ्या दिवसांत बारा वर्षे हा काळ मोठा वाटेल. पण खुणा नसलेल्या त्या कागदांतून प्रत्येक सुराचा श्वास शोधायचा म्हणजे तितका वेळ लागणारच.

मधल्या काळात पुष्कळ घडले. तोस्त कॅफेत एके रात्री प्रसिद्ध संगीतकार आल्बेनिथ यांनी या मुलाचे वादन ऐकले आणि माद्रिदच्या राजदरबारातील काउंट दे मोर्फी यांच्या नावाने त्याला पत्र दिले. काही काळाने आई मुलाला व त्याच्या धाकट्या भावंडांना घेऊन माद्रिदला गेली. राणी मारिया क्रिस्तीना यांनी पाब्लोला शिष्यवृत्ती दिली. १८९५ मध्ये तो पुढील शिक्षणासाठी ब्रसेल्सला पोचला. तेथील चेलोच्या प्राध्यापकांनी सर्व विद्यार्थ्यांदेखत या ठेंगण्या स्पॅनिश पोराची थट्टा केली. एकेका कठीण रचनेचे नाव घेऊन ती येते काय म्हणून त्यांनी विचारले, आणि त्याने प्रत्येक वेळी होकार देताच वर्गात हशा पिकला. मग पाब्लोने चेलो हाती घेतला. वादन संपले तेव्हा वर्गात कोणी हसत नव्हते. प्राध्यापकांनी त्याला बाजूस नेऊन आपल्या वर्गात येण्यास सुचवले व पारितोषिकाचीही आशा दाखवली. पाब्लोने नम्रपणे पण स्पष्ट नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी तो आईसह पॅरिसला निघून गेला.

हा मानीपणा महागात पडला. ब्रसेल्स सोडल्यामुळे माद्रिदची शिष्यवृत्ती बंद झाली. पॅरिसमध्ये पाब्लो एका नाटकगृहात चेलो वाजवी, आई शिवणकाम करी. तो आजारी पडला तेव्हा तर घरात अन्नाची पंचाईत झाली. एके दिवशी आई बाहेरून परतली ती डोक्यावरचे लांब काळे केस कापून आणि विकून. तिने ते हसण्यावारी नेले. मुलगा मात्र ते जन्मभर विसरला नाही. अखेरीस मंडळी बार्सेलोनाला परतली. तेथे गार्सिया नोकरी सोडून परदेशी जाण्याच्या बेतात होते. त्यांची जागा पाब्लोला मिळाली आणि हलाखी संपली.

१८९९ मध्ये पॅरिसला लामुरे यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांचे वादन झाले आणि पाब्लो कासाल्स हे नाव युरोपभर गाजू लागले. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे वादन केले. पुढे अमेरिकेचा दौरा झाला. १९०१ मध्ये सान फ्रान्सिस्कोजवळ डोंगर उतरताना दरड सुटली आणि एका मोठ्या दगडाखाली त्यांच्या डाव्या हाताची बोटे चेचली गेली. त्या क्षणी, आता चेलो वाजवावा लागणार नाही म्हणून आपल्याला सुटल्यासारखे वाटले, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे सांगितले. इतक्या मोठ्या कलावंताला आपल्या कलेचे असे ओझे वाटावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण दर जलशापूर्वी त्यांना विलक्षण धास्ती वाटत असे, आणि ती अखेरपर्यंत गेली नाही. काही महिन्यांत बोटे बरी झाली.

पियानोवादक कोर्तो आणि व्हायोलिनवादक तिबो यांच्यासह त्यांनी केलेले त्रयीवादन त्या काळी फार नावाजले गेले. परंतु कासाल्स यांचे मन बार्सेलोनात होते. १९२० मध्ये त्यांनी तेथे स्वतःच्या पैशाने वाद्यवृंद उभा केला. वादकांना पोटापुरते वेतन मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. आणखी काही वर्षांनी त्यांनी कामगारांची एक संगीतसंस्था काढण्यास साहाय्य केले. अगदी नाममात्र वर्गणी भरून गिरण्यांतले व कारखान्यांतले कामगार रविवारी सकाळी तो वाद्यवृंद ऐकण्यास येऊ लागले.

१८ जुलै १९३६ च्या संध्याकाळी बार्सेलोनात बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू होती. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम व्हायचा होता. तिसरा भाग संपला आणि गायकवृंद रंगमंचावर आला, इतक्यात सरकारकडून निरोप आला की, सैन्याने बंड केले आहे, शहरात केव्हाही लढाई सुरू होईल, तालीम थांबवून सर्वांनी घरी जावे. कासाल्स यांनी तो निरोप सर्वांना वाचून दाखवला आणि शेवटचा भाग पुरा करून मग निरोप घ्यावा काय, असे विचारले. सर्वांनी होकार दिला. बाहेर रस्त्यांवर अडथळे उभारले जात असता आत मानवांच्या बंधुत्वाचे ते गीत गाइले गेले. कासाल्स यांच्या डोळ्यांतील पाण्यामुळे त्यांना समोरचे कागद दिसेनात. देशात शांतता येईल त्या दिवशी आपण हेच पुन्हा येथे वाजवू, असे त्यांनी सर्वांना आश्वासन दिले. तो दिवस त्यांच्या हयातीत आला नाही.

यादवी युद्ध जवळजवळ तीन वर्षे चालले. याच वर्षांत कासाल्स यांनी एक काम केले, ज्यामुळे आज आपण त्यांना ऐकू शकतो. लंडनमधील ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात नोव्हेंबर १९३६ मध्ये त्यांनी बाख यांची दुसरी व तिसरी नृत्यमाला मुद्रित केली. उरलेल्या चार १९३८ व १९३९ मध्ये पॅरिसला. त्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-पाच मिनिटांचे वादन मावे. चूक झाली तर तेवढीच दुरुस्त करण्याची सोय नव्हती; सबंध बाजू पुन्हा वाजवावी लागे. यंत्रापुढे वाजविणे कासाल्स यांना मुळीच आवडत नसे. मायदेश जळत असता, साठी उलटलेल्या या माणसाने तेराव्या वर्षी सापडलेले ते कागद अशा रीतीने जगाच्या स्वाधीन केले. या तबकड्यांमुळे सहा मालांचे नाव घरोघर पोचले. पुढच्या पिढीतील काही वादकांना त्यांचे वादन फार स्वैर वाटले. बाख यांच्या काळच्या तंतांवर आणि जुन्या घडणीच्या गजाने तेच संगीत वेगळ्या रीतीने वाजविणारेही निघाले. ते योग्यच आहे. परंतु ज्याच्याशी वाद घालायचा तो पहिला नमुना कासाल्स यांनीच घालून दिलेला होता.

१९३९ मध्ये जनरल फ्रँको यांचा विजय झाला आणि सुमारे पाच लाख लोक पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये शिरले. त्यांना समुद्रकाठच्या वाळूवर, काटेरी तारांच्या कुंपणात ठेवण्यात आले. कासाल्स हेही देशत्याग करून सीमेजवळच्या प्राद या गावी राहिले. ते छावण्यांतून फिरत. अन्न, कपडे व पैसे वाटत. मदतीसाठी जगभरच्या ओळखीच्या माणसांना रोज पत्रे लिहीत. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मन फौजांचा ताबा आला. काही जर्मन अधिकारी त्यांच्या घरी आले आणि बर्लिनला येऊन वादन करण्याचे त्यांनी निमंत्रण दिले. जर्मनीतील राजवटीचा अन्याय पाहून कासाल्स यांनी तेथे वादन करण्याचे केव्हाच सोडले होते. आता त्या घरात ना पुरेसे सरपण, ना अन्न. तरीही संधिवाताचे निमित्त सांगून त्यांनी नकार दिला. तेथल्या तेथे थोडे वाजवून दाखवा, ही विनंतीही त्यांनी मानली नाही.

१९४५ मध्ये युद्ध संपले. आता विजयी राष्ट्रे स्पेनमधील हुकूमशाहीही दूर करतील, अशी कासाल्स यांना आशा होती. तसे घडले नाही. फ्रँको यांचे सरकार राहिले आणि त्याच्याशी इतर देशांचे व्यवहारही चालू राहिले. तेव्हा कासाल्स यांनी आपल्यापाशी होते ते एकच शस्त्र उचलले. त्या सरकारला मान्यता देणाऱ्या देशांत आपण वादन करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांनी देऊ केलेल्या पदव्याही त्यांनी नाकारल्या. त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. वादकाच्या बोटांना वय सवलत देत नाही. गेलेली वर्षे परत मिळणार नव्हती. त्यांच्या मौनाने फ्रँको यांचे काही बिघडणार नाही, नुकसान होईल ते रसिकांचे, असे त्यांच्या पुष्कळ चाहत्यांना वाटे. आणि ते खोटे होते असे म्हणता येत नाही. कासाल्स यांना हे कळत नव्हते असेही नाही. ते रोज सकाळी उठून पियानोवर बाख वाजवीत, मग चेलो काढून सहा मालांपैकी एखादी वाजवीत, पत्रे लिहीत, मुलांना शिकवीत. ऐकायला सभागृह मात्र नसे.

मग एक तोड निघाली. व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांनी सुचवले की, कासाल्स जगाकडे जात नसतील तर जगाने त्यांच्याकडे यावे. १९५० हे बाख यांच्या मृत्यूचे दोनशेवे वर्ष होते. त्या जून महिन्यात प्रादच्या जुन्या चर्चमध्ये निरनिराळ्या देशांचे वादक आणि श्रोते जमले. पहिल्या संध्याकाळी ठेंगणे, टकलू, चष्मा लावलेले कासाल्स चेलो घेऊन आले, खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि त्यांनी बाख यांची पहिली नृत्यमाला सुरू केली. चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नव्हत्या. माला संपल्यावर लोक नुसते उभे राहिले.

पुढे १९५६ मध्ये ते आईच्या जन्मभूमीत, प्वेर्तो रिकोला, राहण्यास गेले. तेथे त्यांनी वाद्यवृंद आणि संगीतशाळा उभारण्यास हातभार लावला. २४ ऑक्टोबर १९५८ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात त्यांनी वादन केले. ती जागा कोणा एका देशाची नाही, म्हणून तेथे त्यांचे व्रत आड आले नाही. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या निमंत्रणावरून ते व्हाइट हाउसमध्येही वाजवून आले. अमेरिकेने फ्रँको सरकारला मान्यता दिलेली होती. तेव्हा येथे व्रताला मुरड पडली, हे खरेच. केनेडी यांच्याविषयीच्या आदरापोटी त्यांनी ते केले.

देशत्यागानंतर आपल्या जलशांचा शेवट ते बहुधा एका लहानशा कॅटलान लोकगीताने करीत. येशूच्या जन्माचा आनंद पक्षी गातात, असे ते गीत आहे. १९७१ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांनी त्यांना शांततेचे पदक दिले, तेव्हाही चेलोवर त्यांनी हेच गीत वाजवले. बोटे थकली होती, गज थरथरत होता. आपण कॅटलोनियाचे आहोत, हे त्यांनी त्या सभेला आवर्जून सांगितले.

२२ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, प्वेर्तो रिकोत त्यांचे निधन झाले. फ्रँको त्या वेळी सत्तेवर होते. त्यांचा मृत्यू झाला तो १९७५ च्या नोव्हेंबरात. स्पेनमध्ये लोकशाही परत आल्यानंतर, १९७९ मध्ये, कासाल्स यांचे अवशेष समुद्रापलीकडून आणण्यात आले आणि एल व्हेंद्रेलच्या दफनभूमीत ठेवण्यात आले. वडिलांनी करून दिलेले ते भोपळ्याचे वाद्य त्या गावाजवळच, समुद्रकिनाऱ्यावरच्या त्यांच्या घरात, आता वस्तुसंग्रहालयात जपलेले आहे.